पूल, पडाव आणि पायगाडी

जपान म्हटलें कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें टोकियोची गर्दी, वेगानें धांवणाऱ्या आगगाड्या आणि फुजी पर्वताचें शुभ्र शिखर हीं उभीं राहतात. परंतु त्याच देशाचा एक भाग असा आहे कीं, जेथें गर्दी नाहीं, घाई नाहीं, आणि जेथील मनुष्यवस्ती वर्षानुवर्षें घटत चालली आहे. हा भाग म्हणजे सेटो समुद्र व त्यांतील बेटें होत. होन्शू, शिकोकु आणि क्यूशू या तीन मोठ्या बेटांच्या मध्यें कोंडलेला हा उथळ समुद्र असून त्यांत लहानमोठीं मिळून सुमारें ७०० बेटें आहेत. १९३४ सालीं जपाननें आपलीं पहिलीं राष्ट्रीय उद्यानें जाहीर केलीं, त्यांत या समुद्राची गणना झाली. अशा या बेटांमधून पतिपत्नी जोडीनें पायगाडीवर, म्हणजे सायकलवर, प्रवास करूं लागलीं आहेत. हा प्रवास कसा घडतो, तो कशामुळें शक्य झाला, आणि तो करणाऱ्यानें नेमकें काय पहावें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम मार्गाची ओळख करून घ्यावी. होन्शूच्या किनाऱ्यावर हिरोशिमा प्रांतांत ओनोमिचि नांवाचें जुनें बंदर आहे. त्याच्या समोर, शिकोकु बेटाच्या किनाऱ्यावर, एहिमे प्रांतांतील इमाबारी हें शहर आहे. या दोहोंच्या मध्यें मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा अशीं सहा मोठीं बेटें ओळीनें पसरलीं आहेत. त्यांस एकमेकांशीं जोडीत जाणारी जी पुलांची मालिका, तिला 'शिमानामि काइदो' असें म्हणतात; काइदो म्हणजे सागरमार्ग. या मालिकेंतील शेवटचे पूल १ मे १९९९ रोजीं खुले झाले. होन्शू आणि शिकोकु यांस जोडणाऱ्या पुलांच्या एकंदर तीन मालिका आहेत. परंतु ज्यावरून पायीं किंवा सायकलवर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जातां येतें असा मार्ग एवढा एकच. सायकलच्या वाटेनें हें अंतर सुमारें ७० किलोमीटर भरतें.

हे पूल कां बांधले गेले, हें जाणल्यावांचून त्यांवरून जाण्यांत अर्थ नाहीं. पूर्वीं या समुद्रांतील सर्व व्यवहार पडाव आणि आगबोटी यांवर चालत असे. धुकें पडलें कीं बोटी थांबत. वादळ उठलें कीं आजारी माणसास मोठ्या गांवच्या रुग्णालयांत नेणें अशक्य होई. ११ मे १९५५ रोजीं याच समुद्राच्या पूर्व भागांत, ताकामात्सु बंदराजवळ, दाट धुक्यांत दोन बोटींची टक्कर होऊन 'शिउन मारु' ही उतारूंची बोट बुडाली. त्या अपघातांत १६८ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांत शाळेच्या सहलीस निघालेलीं मुलें फार मोठ्या संख्येनें होतीं. पुलांची मागणी त्यापूर्वींही होत असे. परंतु या दुःखानें तिला धार आली. म्हणून आज कोणी पुलाच्या नांवानें बोट मोडूं लागला, तर त्यानें हा दिवस आठवावा. पूल ही बेटवासीयांची चैन नव्हती. ती त्यांची जीवनाची गरज होती.

आतां अशी कल्पना करावी कीं, एक मध्यम वयाचें दांपत्य ओनोमिचि येथें येऊन ठेपलें आहे. आगगाडींतून सायकल आणावयाची तर ती सुटी करून पिशवींत घालावी लागते. तसें नको असेल तर तेथेंच भाड्यानें सायकल मिळते, आणि ती वाटेंतील एखाद्या ठाण्यावर किंवा इमाबारीस परत करतां येते. गंमत अशी कीं, या पूलमार्गाचा आरंभ पुलावरून होत नाहीं. ओनोमिचि आणि मुकाइशिमा यांच्यामधील खाडी अगदीं अरुंद आहे, आणि तेथील पुलावर मोटारींची वर्दळ असल्यामुळें सायकलवाल्यांनीं तरीनेंच पलीकडे जावें असा प्रघात आहे. पांचएक मिनिटांचा हा जलप्रवास. शाळेचीं मुलें, कामावर निघालेले कारागीर, बाजारहाट करून परतणाऱ्या वृद्ध स्त्रिया, सर्व आपापल्या सायकली धरून तरीवर उभीं असतात. मात्र या तरींचे दिवसही सुखाचे राहिलेले नाहींत. खाडींत चालणाऱ्या अशा सेवांपैकीं एक २०२५ सालीं कायमची बंद झाली.

पलीकडे उतरतांच रस्त्याच्या कडेला एक निळी रेघ दिसूं लागते. ही रेघ सायकलवाल्याची वाटाडी होय. तिच्या जवळ मधून मधून उरलेलें अंतर लिहिलेलें असतें, त्यामुळें जपानी लिपी न वाचतां येणारा प्रवासीही वाट चुकत नाहीं. जपानांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, तेव्हां हिंदुस्थानांतून गेलेल्या माणसास नवी संवय लावून घ्यावी लागत नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून सायकलवर बसणाऱ्या प्रत्येकानें शिरस्त्राण घालण्याचा प्रयत्न करावा, असें तेथील कायदा सांगतो.

जोडीनें जाणाऱ्यांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो वेगाचा. दोघांचें बळ क्वचितच सारखें असतें. बलवान् पुढें निघून जातो, दर चढावर माथ्याला थांबून मागें वळून पाहतो. मागून येणारें माणूस धापा टाकीत पोंचतें, तोंच पुढला पुन्हां निघतो. एकाला विसांवा मिळतो, दुसऱ्याला मिळत नाहीं, आणि सायंकाळपर्यंत बोलणें खुंटतें. यावर जुना आणि साधा उपाय असा कीं, हळू चालणाऱ्यानें पुढें असावें व वेगवानानें मागें. दुसरा उपाय यंत्राचा आहे. पायडल मारतांना विजेचें साहाय्य देणारी सायकल १९९३ सालीं यामाहा कंपनीनें जपानांतच प्रथम विक्रीस आणली. अशा सायकलीही भाड्यानें मिळतात. तिसरा उपाय दोघांनीं मिळून चालवावयाच्या जोडसायकलीचा. तिला जपानांतील पुष्कळ प्रांतांत फार दिवस रस्त्यावर मज्जाव होता. टोकियोंत तर ती मोकळीक २०२३ सालीं मिळाली. उपाय कोणताही असो, तत्त्व एकच कीं, दोघांच्या प्रवासाचा वेग हा दोघांपैकीं मंद असेल त्याचा वेग होय. तो एकदां मान्य केला म्हणजे ७० किलोमीटरांस तीन दिवस लागतात, आणि त्या तीन दिवसांतच बेटें दिसूं लागतात.

पुलांवर चढण्याची रीत समजण्यासारखी आहे. खालून मोठीं जहाजें जावयाचीं असल्यामुळें हे पूल समुद्राच्या पुष्कळ वर उचललेले आहेत. तेथवर सायकल न्यावयाची तर चढ बेताचा हवा; म्हणून सायकलसाठीं निराळी वळणावळणाची वाट टेंकडीच्या अंगानें वर नेली आहे. शंभर हात पुढें गेल्यावर सुमारें तीन हात उंची गांठावी, इतकाच तिचा चढ. १९८३ सालीं पुऱ्या झालेल्या इन्नोशिमा पुलावर तर आणखी एक नवल आहे. मोटारी वरच्या मजल्यावरून धांवतात, आणि सायकली व पादचारी खालच्या मजल्यावरून जातात. डोक्यावर चाकांचा घडघडाट आणि जाळीपलीकडे खोल निळें पाणी, अशा एका लांब पिंजऱ्यांतून आपण समुद्र ओलांडतों असें वाटतें. १९७९ सालचा ओमिशिमा पूल कमानीचा आहे, तर इतर कांहीं पूल दोरखंडांवर टांगलेले आहेत. त्यामुळें हा मार्ग म्हणजे पूलविद्येची एक उघडी पाठशाळाच होय.

इन्नोशिमा बेटावर उतरलें कीं संत्र्याच्या जातीच्या फळांचें राज्य सुरू होतें. 'हास्साकु' नांवाचें किंचित् कडवट फळ याच बेटावर प्रथम आढळलें. या समुद्रावर पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. म्हणून डोंगरउतारांवर दगडी बांध घालून, पायऱ्यापायऱ्यांनीं बागा लावलेल्या आहेत. उतार इतके उभे कीं फळांच्या पेट्या खालीं आणण्यास एकाच रुळावरून चालणारी लहानशी यंत्रगाडी वापरतात. मे महिन्यांत या बागा फुलतात, तेव्हां सायकलवाल्यास तो सुगंध वळणावळणावर भेटतो. मोटारींत बसलेल्यास तो मिळत नाहीं.

याच वाटेवर आणखी एक गोष्ट दिसते. रस्त्याच्या कडेला लांकडी फळ्यांचें एखादें मांडवासारखें दुकान असतें. त्यांत फळांच्या पिशव्या मांडलेल्या असतात, भाव लिहिलेला असतो, आणि एक पेटी ठेवलेली असते. विकणारा कोणीच नसतो. प्रवाशानें पिशवी घ्यावी, पेटींत नाणीं टाकावीं, आणि पुढें जावें. पाहणारा प्रथम तेथील प्रामाणिकपणाची वाखाणणी करतो, आणि ती योग्यही आहे. परंतु दोन दिवस त्या रस्त्यांवरून हिंडल्यावर त्याच्या ध्यानांत दुसरी बाजू येते. दुकानांत माणूस नाहीं, कारण घरांत माणसें थोडीं आहेत. बागेंत कात्री घेऊन उभे असलेले शेतकरी बहुधा सत्तरीच्या घरांतले. त्यांचीं मुलें हिरोशिमा, ओसाका, टोकियो येथें नोकरीस गेलेलीं. कांहीं पायऱ्या झुडपांनीं भरून गेल्या आहेत, आणि तेथें रानडुकरांनीं ठाणें दिलें आहे. हीं जनावरें समुद्र पोहून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर येतात. ज्या बागा चालू आहेत, त्यांभोंवतीं म्हणूनच तारांचीं कुंपणें दिसतात.

इकुचिजिमा हें पुढचें बेट लिंबांसाठीं प्रसिद्ध आहे. त्यांतील सेतोदा गांवीं १९३० सालीं हिरायामा इकुओ या विख्यात चित्रकाराचा जन्म झाला. शाळेंत असतां त्यानें हिरोशिमावरील अणुबाँबचा अनर्थ भोगला. १९५९ सालीं त्यानें बौद्ध धर्माच्या पूर्वेकडील प्रसाराचें जें चित्र काढलें, तें ह्युएनत्संग या चिनी यात्रिकावरून सुचलेलें होतें. सातव्या शतकांत आपल्या महाराष्ट्राचें आणि पुलकेशी राजाचें वर्णन लिहून ठेवणारा यात्रिक तो हाच. सेतोदा येथें या चित्रकाराचें संग्रहालय आहे. मराठी प्रवाशानें तेथें घटकाभर थांबावें, हें उचितच होय.

रात्रीचा मुक्काम 'मिन्शुकु' या घरगुती खाणावळीवजा बिऱ्हाडांत करावा. पादत्राणें दारांत काढावयाचीं, चटईच्या खोलींत जमिनीवर गादी घालून निजावयाचें, आणि स्नानाच्या मोठ्या टांकींत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें, हे तेथील शिष्टाचार. जेवण संध्याकाळीं लवकर वाढतात. शाकाहारी माणसानें मात्र आगाऊ स्पष्ट सांगावें. कारण वरून निव्वळ भाजीचें दिसणारें सारही बहुधा सुक्या माशाच्या काढ्यांत शिजविलेलें असतें.

इकुचिजिमा आणि ओमिशिमा यांच्यामधील तातारा पूल १९९९ सालीं पुरा झाला. त्याचा मधला गाळा ८९० मीटर असून, खांबांपासून तिरप्या तारांनीं तोललेल्या पुलांत तो त्या काळीं जगांत सर्वांत लांब होता. आरंभीं तेथें झुलता पूल बांधण्याचा बेत होता. परंतु तशा पुलाचे दोर बांधण्यासाठीं डोंगर पोखरून प्रचंड बांधकाम करावें लागलें असतें. बेटाचें रूप बिघडूं नये म्हणून तो बेत बदलण्यांत आला. पुलाच्या खांबापाशीं टाळी वाजविली कीं तिचा नाद वर वर चढत जातो. सायकलवरून उतरून तो ऐकणारीं माणसें नेहमीं तेथें दिसतात. पुढें ओमिशिमा बेटावर ओयामाझुमि हें प्राचीन देवस्थान आहे. युद्धास जाणारे वा युद्धाहून परतणारे वीर तेथें आपलीं चिलखतें व शस्त्रें अर्पण करीत, आणि त्यांचा मोठा संग्रह तेथें जतन केलेला आहे. देवळाच्या आवारांतील कापराचा वृक्ष २,६०० वर्षांचा असल्याचें सांगतात.

ओशिमाजवळ समुद्राचा स्वभाव पालटतो. बेटांच्या फटींतून भरतीओहोटीचें पाणी नदीसारखें धांवतें. कुरुशिमा सामुद्रधुनींत तर त्याचा वेग ताशीं १० सागरी मैलांपर्यंत जातो. या प्रवाहांची खूणगांठ ज्यांस होती, ते मुराकामी घराण्याचे दर्यासारंग येथें कित्येक पिढ्या राज्य करीत होते. जहाजांस वाट दाखवावी आणि त्याबद्दल कर घ्यावा, न दिल्यास लुटावें, हा त्यांचा क्रम. १५८८ सालीं तोयोतोमि हिदेयोशीनें चांचेगिरीस बंदी करून ही सत्ता मोडली. प्रवाह मात्र कोणास मोडतां आला नाहीं. आजही कुरुशिमा येथें जहाजांस असा नियम आहे कीं, प्रवाह अनुकूल असेल तर मधल्या वाटेनें जावें व प्रतिकूल असेल तर पश्चिमेच्या वाटेनें. म्हणजे भरती पालटली कीं रहदारीची दिशाही पालटते.

या धुनीवर एकापुढें एक असे तीन झुलते पूल असून त्यांची एकूण लांबी सुमारें ४ किलोमीटर आहे. वाऱ्याच्या दिवशीं येथें दांपत्यानें सायकली हातांत धरून चालण्यांत कमीपणा मानूं नये. पुलाच्या मध्यावर खालीं उमाशिमा नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. तेथें उतरण्यास पुलापासून खालपर्यंत उद्वाहक, म्हणजे माणसांचा पाळणा, बसविलेला आहे. वरून हजारों वाहनें निघून जातात, आणि खालीं मूठभर माणसांची वस्ती आहे. या ठिकाणीं क्षणभर उभें राहिलें कीं पुलानें बेटांचें काय केलें, याचें उत्तर डोळ्यांपुढें येतें.

पुलामुळें आजाऱ्यास वैद्य मिळाला, फळांस बाजार मिळाला, धुक्याचें भय सरलें. हें सर्व खरें. परंतु ज्या रस्त्यानें वैद्य येतो, त्याच रस्त्यानें तरुण जातो. पूर्वीं बोटीची वाट पहात प्रवासी बंदरावर थांबे, चहा घेई, कधीं रात्र काढी. आतां मोटार एका तासांत सहाही बेटें मागें टाकते. बोटी बंद पडल्या, आणि बोटींवर जगणारीं बंदरांतील दुकानें मिटलीं. हें दुखणें एकट्या या बेटांचें नव्हे. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरास पोंचून पुढें उतरूं लागली. २०२३ च्या सरकारी पाहणींत देशभर सुमारें ९० लाख घरें रिकामीं आढळलीं, म्हणजे शेंकडा सुमारें १४. बेटांवर तें दुखणें आधीं पोंचलें, इतकेंच.

मग पूल नसता तर बेट वांचलें असतें काय? याचें उत्तर शोधावयाचें असेल तर दांपत्यानें इमाबारीस प्रवास संपवूं नये. तेथून किनाऱ्याच्या आगगाडीनें ताकामात्सु गांठावें, आणि तेथून बोटीनें सुमारें एका तासांत शोदोशिमा बेटावर जावें. या बेटास पूल नाहीं. सोयाचा रस मुरविण्याचा धंदा तेथें ४०० वर्षांहून जुना आहे, आणि १९०८ सालीं सरकारनें तीन प्रांतांत ऑलिव्हचीं झाडें लावून पाहिलीं, त्यांत यश आलें तें याच बेटावर. धंदे आहेत, देवळें आहेत, बोटीही चालू आहेत; तरी येथेंही शाळा ओस पडल्याच. समुद्रकांठच्या एका गांवीं १९०२ सालीं बांधलेली लांकडी शाळा १९७१ सालीं मुलांअभावीं बंद झाली, आणि आतां ती पाहण्यासाठीं जतन केली आहे.

या शाळेचें नांव एका कादंबरीमुळें सर्व जपानास ठाऊक आहे. याच बेटावर जन्मलेल्या त्सुबोई साकाए या लेखिकेनें १९५२ सालीं 'चोवीस डोळे' या अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली. १९५४ सालीं तिच्यावर बोलपट निघाला. बारा मुलांच्या वर्गावर एक तरुण शिक्षिका नेमली जाते. खाडीला वळसा घालून शाळेंत वेळेवर यावें, म्हणून ती हप्त्यांनीं सायकल विकत घेते आणि परदेशी पोशाख करून तिजवर बसून येते. १९२८ सालच्या खेड्यास तें खपत नाहीं. लोक नांवें ठेवतात. पुढें त्यांच्या ध्यानांत येतें कीं ती दिमाखासाठीं नव्हे, तर दूरच्या मुलांपर्यंत पोंचण्यासाठीं सायकलवर बसते. मग युद्ध येतें, आणि त्या बारांतील कांहीं मुलें परत येत नाहींत. बेटावरील स्त्रीनें सायकलवर बसणें ही एके काळीं केवढी गोष्ट होती, हें आज पतीच्या पुढें सायकल हांकणाऱ्या स्त्रीनें त्या शाळेच्या अंगणांत आठवावें.

तात्पर्य, बेट पुलानें वांचत नाहीं आणि पुलानें मरतही नाहीं. तेथें कोणी थांबतें कीं नाहीं, यावर तें अवलंबून आहे. २०१४ सालीं शिमानामि मार्गावरील पुलांचा कर सायकलींस माफ करण्यांत आला, तो याच विचारानें. सायकलवाला मोटारवाल्याहून श्रीमंत नसतो. परंतु त्याला भूक लागते, तहान लागते, संध्याकाळीं निवारा लागतो. त्याच्या अशक्तपणामुळेंच खाणावळीची चूल पेटते. एका दांपत्याच्या तीन रात्रींनीं ओस शाळा पुन्हां भरणार नाहीं, हें उघड आहे. तथापि मिटण्याच्या बेतांत असलेलें एखादें बिऱ्हाड आणखी एक हंगाम उघडें ठेवण्यास त्या उपयोगी पडतात.

ज्यांस हा प्रवास करावयाचा आहे त्यांनीं जून-जुलैचा पाऊस आणि त्यापुढील वादळांचे महिने टाळून वसंत ऋतूंत अथवा ऑक्टोबर-नोव्हेंबरांत निघावें. एका दिवसांत तीस किलोमीटरांहून अधिक जाण्याचा हव्यास धरूं नये. जेथें अद्याप तर चालू असेल तेथें पुलाऐवजीं एकदां तरी तरीनें जावें. आणि खिशांत सुटीं नाणीं ठेवावीं. कारण रस्त्याकडेच्या त्या पेटीपाशीं मोड देणारा कोणी नसतो, पण ती उघडून पैसे मोजण्यासाठीं संध्याकाळीं कोणीतरी वृद्ध बागवान डोंगर उतरून येतोच.